मेपलच्या पेटीच्या पोटातली गोष्ट

मित्रांनो, मला पाहून कुणालाही वाटेल की ही शिवणकामाची नाहीतर बटणे ठेवायची पेटी असावी. हातभर लांब, वीतभर उंच, आणि झाकणावर बोटभर लांबीची एक फट. पण मी मतपेटी आहे. अमेरिकेत उत्तरेला व्हरमाँट राज्य आहे, तिथल्या डोंगरांत वेस्ट हार्लो नावाचे गाव आहे, आणि त्या गावची मी एकुलती एक मतपेटी. वय सव्वाशेच्या पुढे गेले. कान मात्र अजून शाबूत आहेत.

माझा जन्म एका वादळामुळे झाला. गावच्या चौकातले मेपलचे जुने झाड वाऱ्याने आडवे झाले, आणि त्याचे काय करायचे हे ठरवायला गावसभा बसली. कुणी म्हणाले चुलीत घाला, कुणी म्हणाले विका. तासभर भांडून ठरले की निम्म्या लाकडाची शाळेला बाके करायची, उरलेले गरिबांना सरपण म्हणून द्यायचे, आणि दोन फळ्या ठेवून त्यांची मतपेटी करायची. त्याआधी मते टोपीत गोळा करत असत. टोपी ज्याची असे तोच दरवेळी निवडून येतो, अशी गावात कुजबुज होती.

एसाहेल नावाच्या सुताराने मला घडवले. तो बर्फावरच्या घसरगाड्या करी आणि शवपेट्याही करी. बोलणे कमी, हात चोख. मला जोडताना एवढेच म्हणाला, "खिळा मारणार नाही. खिळा गंजतो. लाकडात लाकूड बसवीन." त्याने माझ्या बाजू एकमेकींत अशा गुंतवल्या की आजही सांध्यात नख शिरत नाही. वर पितळी कुलूप लावले. किल्ली गावच्या कारकुनाकडे राहिली आणि पेटी गावाची झाली.

आमची गावसभा मार्चच्या पहिल्या मंगळवारी भरते. बाहेर गुडघाभर बर्फ असतो, सभागृहात ओल्या लोकरीचा आणि कॉफीचा वास असतो. सगळा गाव लाकडी खुर्च्यांवर बसतो आणि रस्ते, शाळा, आगीचा बंब यांवर स्वतःच मत देतो. या सभेचे दोन नियम तुम्ही लक्षात ठेवा, पुढे ते लागतील. पहिला नियम असा की सभेत कुणी कुणाशी थेट बोलायचे नाही, जे सांगायचे ते सभापतीला सांगायचे. शेजाऱ्याला गाढव म्हणावेसे वाटले तरी म्हणायचे, "सभापती साहेब, माझ्या शेजाऱ्याचं म्हणणं मला पटत नाही." या एका नियमाने गावातली कित्येक नाके फुटायची वाचली आहेत. दुसरा नियम असा की मत तोंडाने द्यायचे, मोठ्याने हो किंवा नाही. पण सात माणसे उभी राहिली आणि त्यांनी कागद मागितला, तर मला टेबलावर आणायचे. सहा उभी राहिली तर नाही. सातच.

मित्रांनो, तुम्हाला खरे सांगते, सुरुवातीची काही वर्षे मी नुसती चकित होऊन बसत असे. लाकडाच्या गिरणीचा मालक यायचा. त्याच्या कोटाला फरची कॉलर होती. त्याच्या मागे त्याच्याच गिरणीतला ओंडके वाहणारा मजूर यायचा, दोन बोटे करवतीने गेलेला. दोघांच्या चिठ्ठ्या माझ्या पोटात पडायच्या आणि मी कितीही तोलून बघितले तरी मला त्यांच्या वजनात फरक कळायचा नाही. बाहेर त्या दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर. माझ्या पोटात ते शेजारी शेजारी पडलेले.

मग बायकांना मताचा हक्क मिळाला आणि १९२१ च्या मार्चमध्ये त्या आल्या. पहिली आली ती पावाचे पीठ मळून तशीच आलेली, तिच्या बोटांचे पीठ माझ्या झाकणावर उमटले. कारकुनाने ते पुसायला फडके उचलले आणि का कोण जाणे, पुन्हा खाली ठेवले. ते पीठ संध्याकाळपर्यंत माझ्या अंगावर होते. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

१९४४ ची एक बाई मला विसरता येत नाही. सकाळीच तिला तार आली होती, मुलगा इटलीत लढाईत मारला गेल्याची. त्या दिवशी मतदान होते शाळेच्या छपरावर, पत्रा घालायचा की कौले. ती आली, रांगेत उभी राहिली, चिठ्ठी टाकली, आणि घरी गेली. शाळेत आता तिचे कुणी नव्हते. त्या चिठ्ठीपुढे मला माझी मान खाली घालावीशी वाटली, पण पेटीला मान कुठली.

पुढे मात्र माझे दिवस फिरले. मोठ्या निवडणुकांसाठी मते मोजणारे यंत्र आले. राखाडी रंगाचे, विजेवर चालणारे, कागद गिळताना गुरगुरणारे. मी पोरकी झाले. गावसभेतही लोक तोंडाने मत देऊन मोकळे होऊ लागले, सात माणसे उभी राहीनात. मला आधी कपाटावर ठेवले, मग तळघरात, आणि शेवटी सभागृहाचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दारापाशी. आठ वर्षे मी दाराला अडसर होते. एका उंदरीने माझ्या फटीतून आत शिरून संसार थाटला. मी तिला काही बोलले नाही. कुणीतरी आत येतेय, एवढेच पुष्कळ होते.

दारापाशी पडल्याचा एक फायदा झाला. गावातले सगळे बोलणे माझ्या कानांवरून जाऊ लागले. आर्डिस आणि लेलंड यांची गोष्ट मला तिथेच कळली.

आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. साठीची, विधवा, जिभेने तिखट. दर आठवड्याला आमच्या भागातल्या साप्ताहिकात तिचे पत्र यायचे. औषधांचे भाव, गिरण्या बंद पडल्या त्या कुणामुळे, राजधानीतले लोक लढाया कशा सुरू करतात आणि त्या लढायला कुणाची पोरे जातात, असे सगळे त्यात असे. गावात लोक एकमेकांना विचारायचे, "आर्डिसनं या आठवड्यात कुणाला सोललं?" बटाटे आणि पुढारी ती एकाच हाताने सोलते, असे म्हणत.

लेलंड तिचा धाकटा भाऊ. चाळीस गाई, आणि हिवाळ्यात गावची बर्फ लोटणारी गाडी चालवायची. बहिणीचे घर रस्त्याच्या या बाजूला, भावाचे त्या बाजूला. लेलंडची मुलगी कोरीन चार वर्षांची असताना तिची आई वारली. तेव्हापासून कोरीनच्या वेण्या आर्डिसनेच घातल्या. पुढे कॉलेजचा खर्च निघावा म्हणून कोरीनने नॅशनल गार्डमध्ये नाव घातले. गार्ड म्हणजे राज्याचे राखीव सैनिक. महिन्याला दोन दिवस कवायत, आणि पूर आला की वाळूची पोती टाकायची. एवढेच काम, असे तिला सांगितले होते. मग इराकची लढाई सुरू झाली आणि कोरीन तिकडे ट्रक चालवायला गेली. वर्षभरासाठी म्हणून गेली. वर्ष संपत आले तेव्हा मुदत वाढल्याचे पत्र आले.

त्या पत्रानंतर आर्डिसने ठराव लिहिला. आमच्या राज्याने आपले राखीव सैनिक घरी बोलवावेत, असे गावाने राज्यपालांना कळवावे. ती दारोदार सह्या घेत फिरली. लेलंडला ते दूध नेणाऱ्या टँकरवाल्याकडून कळले. त्याने बहिणीशी बोलणे टाकले.

आमच्याकडे न बोलता रागावायची एक रीत आहे. बर्फाची गाडी रस्ता साफ करते तेव्हा पात्याने लोटलेला बर्फ प्रत्येक घराच्या वाटेच्या तोंडाशी साचतो आणि दगडासारखा घट्ट होतो. वीस वर्षे लेलंड बहिणीच्या वाटेपाशी आला की पाते थोडे उचलायचा. सगळ्या गावाला ते माहीत होते आणि कुणी तक्रार केली नव्हती. त्या हिवाळ्यात त्याने पाते उचलले नाही. साठीची आर्डिस रोज सकाळी फावडे घेऊन कमरेएवढा बांध फोडायची आणि मग कामावर जायची. कारकून ब्यूला तिला म्हणाली, "अगं, त्याला जाऊन एकदा बोल तरी." आर्डिस म्हणाली, "मी बोलले असते. पण तो ऐकायला लागला की रडतो, आणि रडला की त्याला माझा जास्त राग येतो."

असा सारा हिवाळा गेला आणि मार्चचा पहिला मंगळवार उजाडला.

त्या सकाळी आर्डिस घेवड्याच्या दाण्यांचे मोठे भांडे घेऊन दारातून आत येत होती. मेपलचा पाक घालून भट्टीत मंद शिजवलेले दाणे, गावसभेच्या जेवणाला दरवर्षी तीच आणायची. हॉलिस नावाच्या गृहस्थाने तिच्यासाठी दार आणखी उघडून धरले. हॉलिस शहरातला निवृत्त प्राध्यापक. आमच्या गावात राहून त्याला अठ्ठावीस वर्षे झाली होती, म्हणजे अजून तो पाहुणाच होता. आर्डिसच्या ठरावाला त्याचा पाठिंबा होता.

"आर्डिस, जरा ऐक," तो हळूच म्हणाला. "तुझा ठराव शेवटच्या विषयांत आहे. साडेतीन वाजता गवळी सगळे धारा काढायला उठतात. गाईला काय गावसभा कळते? ते गेले की मांड. त्यांची मतं गेली की आपण सहज जिंकतो."

"लेलंडही उठेल," आर्डिस म्हणाली.

"तेच तर म्हणतोय."

आर्डिस भांडे हातात धरून उभी राहिली. जड भांडे तिने कमरेवर टेकवले. "त्याच्या मुलीविषयी ठराव, आणि तो गोठ्यात असताना करू? मग जिंकून त्या कागदाचं काय करू, हॉलिस? दार पुसू?"

ती आत गेली. हॉलिस दारातच घोटाळला. माझ्यावर पाय आपटला तरी त्याला कळले नाही.

सभा सुरू झाली. सभापती होते मेरिल, सत्तरीचे, गिरणीवाल्यांच्या घरातले शेवटचे. पहिला पाऊण तास मिल रस्त्याखालच्या मोरीवर गेला. मागच्या उन्हाळ्यात पुराने मोरी फुटून रस्ता वाहून गेला होता. लेलंडने सांगितले की आता मोठा नळ घाला. मागून एक म्हातारा म्हणाला, "सभापती साहेब, मागच्या वेळीही मोठाच नळ घातला होता. तो कुठे गेला?"

"समुद्राकडे," लेलंड म्हणाला. लोक हसले.

किती इंची नळ, कुणाकडून घ्यायचा, तीन हजार डॉलर जास्त का, गेल्या वर्षीची खडी कुठे गेली, असे खोदून खोदून विचारून शेवटी मोरी मंजूर झाली. तेव्हा आर्डिस उठली.

"सभापती साहेब, माझा ठराव शेवटी आहे. तो आत्ता घ्यावा अशी माझी विनंती आहे."

मेरिलनी चष्म्यावरून पाहिले. "आर्डिस, गोठेवाले आत्ता सगळे बसलेत. ध्यानात आहे ना तुझ्या?"

"म्हणूनच आत्ता म्हणते."

सभागृहात कुणीतरी खुर्ची सरकवली. लेलंड बुटांकडे पाहत बसला होता, त्याने मान वर केली. सभेने परवानगी दिली.

आर्डिसने कागद आणला होता पण वाचला नाही. ती म्हणाली, "सभापती साहेब, आपण आत्ता एका मोरीवर पाऊण तास भांडलो. मला त्याचा अभिमान वाटतो. इथे खडीची एक गाडी कुठे गेली हे विचारायला माणूस उभा राहतो. त्या लढाईत रोज किती मोऱ्यांचे पैसे वाहून जातात ते मला मोजता येत नाही. पण त्या लढाईबद्दल आपलं मत कुणी विचारलं? मिल रस्ता वाहून गेला तेव्हा पोती टाकायला गार्डची पोरं का नव्हती? ती इराकमध्ये होती. आपली पोरं, आपले ट्रक. कॉलेजची फी भरायला ज्यांच्याकडे पैसे नव्हते तीच गेली. हॉलिसच्या ओळखीतलं कुणी गेलेलं नाही, त्यालाच विचारा." हॉलिसने मान खाली घातली. "मी सैनिकांच्या विरुद्ध नाही. माझ्या हातची वेणी घातलेली पोर आहे ती. मला ती परत पाहिजे."

लेलंड उठला. बोलायला त्याला इतका वेळ लागला की मेरिलनी त्याचे नाव दोनदा पुकारले.

"सभापती साहेब, मला भाषण येत नाही. कोरीन रविवारी फोन करते. ती सांगते, पाण्याला डिझेलची चव येते. दुसरं काही सांगत नाही. ती तिथं आहे तोवर मला असं वाटलं पाहिजे की ती तिथं असण्याला काही अर्थ आहे. हा कागद तिच्या हातात पडला आणि तिला वाटलं की गाव तिच्या मागे नाही, तर? अशा वेळी माणूस ट्रक चालवताना दुसरा विचार करतो. तिथं दुसरा विचार करायला वेळ नसतो." तो थांबला. "माझ्या बहिणीला सांगा, तिनं हे आधी मला विचारायला हवं होतं."

"सभापती साहेब," आर्डिस बसल्या जागेवरून म्हणाली, "माझ्या भावाला सांगा, मी तीन वेळा त्याच्या दारात गेले होते."

"सभापती साहेब, तिला सांगा, मी घरात होतो."

"त्याला सांगा, मला माहीत होतं. दिवा दिसत होता."

मेरिल दोघांकडे आळीपाळीने पाहत होते. "तुम्ही दोघं समोरासमोर बसला आहात," ते म्हणाले. "मी निरोप्या नाही."

कुणी हसले नाही. मेरिलनी आता तोंडाने मत घ्यायचे ठरवले. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक म्हातारी काठी टेकून उठली. "सभापती साहेब, माझ्या डाव्या हाताला एक शेजारी बसलाय आणि उजव्या हाताला दुसरा. एक मला लाकूड फोडून देतो, दुसरा दवाखान्यात नेतो. मला कागद हवा."

तिच्यामागे आणखी दोघे उठले, मग तिघे. मेरिलनी मोजले. "सहा. सात लागतात."

मित्रांनो, ते क्षण मला फार लांब वाटले. उभे राहणे म्हणजे आपले मत मोठ्याने सांगायची आपल्याला भीती वाटते, अशी कबुली देणे, आणि आमच्या गावात ती सोपी नाही. आर्डिस उभी राहिली नाही, तिला उघड मत द्यायचे होते. बाकीचे आपापल्या गुडघ्यांकडे पाहत होते.

मग लेलंड उभा राहिला.

भर सभेत नाही म्हणून झालेला माणूस, त्याला कागद कशाला हवा? लोक वळून पाहू लागले. तो सरळ समोर पाहत होता, टोपी दोन्ही हातांत धरून.

"सात," मेरिल म्हणाले. "ब्यूला, पेटी आण."

ब्यूलाने मला शोधले कपाटात, मग तळघरात, आणि मग कुणीतरी दाराकडे बोट दाखवले. मला उचलल्यावर दार धाडकन मिटले. रीत अशी आहे की पेटी उघडून सभेला रिकामी दाखवायची. ब्यूलाने मला उघडून उलटी केली, आणि उंदरीचे घरटे, कागदाचा भुगा आणि लोकरीचे धागे, सगळे टेबलावर सांडले. मी लाजेने मेले.

"मागच्या वेळची मतं का?" मागचा म्हातारा म्हणाला. सगळा गाव हसला. त्या हसण्याची सगळ्यांना गरज होती.

ब्यूलाने आपल्या स्वेटरच्या बाहीने मला पुसले, कुलूप लावले, आणि लोक रांगेने आले. कित्येक वर्षांनी माझ्या फटीला पुन्हा माणसांची बोटे लागली. कुणाची बोटे चिरा पडलेली, कुणाच्या नखांत वंगण, कुणाची शाई लागलेली. आर्डिसने चिठ्ठीची घडीसुद्धा घातली नाही, 'हो' लिहिलेला कागद सगळ्यांना दिसेल असा टाकला. हॉलिस आला. काठीवाली म्हातारी आली आणि जाताना माझ्यावर थोपटून गेली.

लेलंड सगळ्यात शेवटी आला. त्याच्या हाताला डिझेलचा आणि दुधाचा वास होता. त्याने चिठ्ठीच्या चार घड्या घातल्या होत्या, ती नखाएवढी झाली होती. ती फटीत अर्धी घालून तो थांबला. त्याच्या बोटातली नाडी माझ्या लाकडाला जाणवत होती. समोर सगळा गाव होता, आणि तरी त्या वेळी तिथे फक्त आम्ही दोघे होतो. राजधानीतल्या संगमरवरी इमारतींविषयी मी खूप ऐकले आहे. पण त्यांच्या घुमटाखालीही याहून मोठे काही घडत असेल असे मला वाटत नाही. मग त्याने बोट सोडले. चिठ्ठी पडली. तिचा आवाजही झाला नाही.

मोजणीसाठी मला बाजूच्या खोलीत नेले आणि गाव जेवायला बसला. दार उघडे होते, मी रिकामी होऊन पाहत होते. आर्डिस पळी घेऊन भांड्यामागे उभी होती. रांग सरकत सरकत लेलंड तिच्यापुढे आला. त्याने ताट पुढे केले. तिने दाणे वाढले. दोघेही गप्प, कारण इथे मध्ये बोलायला सभापती नव्हता.

"मी मागे उभा आहे," रांगेतून मेरिल म्हणाले. "काही निरोप असेल तर."

लेलंडने तिथेच एक घास खाल्ला. "सभापती साहेब, तिला सांगा, मीठ कमी आहे."

"सभापती साहेब, त्याला सांगा, डॉक्टरनं त्याला मीठ बंद केलंय. त्याच्या रक्तदाबापायी सगळं गाव अळणी खातंय."

लेलंड ताट घेऊन खिडकीपाशी गेला आणि पाठ करून सगळे दाणे संपवले.

अडीच वाजता मेरिलनी आकडा वाचला. बाहत्तर हो, एकाहत्तर नाही.

टाळ्या नाहीत, काही नाही. एका मताने, हे कळल्यावर प्रत्येकजण मनातल्या मनात गाव मोजू लागला. काही जणांनी लेलंडकडे पाहिले आणि लगेच नजर फिरवली. ब्यूलाने चिठ्ठ्या मोजल्या होत्या आणि त्यांतली एक चार घड्यांची होती. तिने सगळ्या एकत्र ढवळल्या, पाकिटात घालून लाखेने बंद केल्या, आणि आजतागायत ती त्याविषयी चकार शब्द बोललेली नाही. साडेतीनला गोठेवाले उठले. लेलंडही टोपी घालून गेला.

संध्याकाळपासून बर्फ पडू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी आर्डिस भांडे न्यायला आली. मी ब्यूलाच्या टेबलावर होते, मला पुन्हा दारापाशी ठेवायला तिचे मन झाले नव्हते. आर्डिसच्या हातात फावडे नव्हते.

"लवकर आलीस," ब्यूला म्हणाली.

"वाट मोकळी होती," आर्डिस म्हणाली. मग खुर्चीवर बसली, हातमोजे काढले, आणि खूप वेळ रडली. ब्यूलाने कॉफी केली.

तो ठराव राज्यपालांकडे गेला. तिथून एक सभ्य पत्र आले. मी तुम्हाला खोटे सांगणार नाही, त्या कागदाने एकही सैनिक एक दिवसही आधी घरी आला नाही. लढाई तिच्या गतीने चालत राहिली. कोरीन तिची मुदत संपल्यावर जूनमध्ये आली, डाव्या कानाने कमी ऐकू येणारी, पण धडधाकट. त्यात माझे किंवा ठरावाचे काही श्रेय नाही.

पुढच्या मार्चमध्ये ती सभेला आली आणि बाप आणि आत्या यांच्या मधल्या खुर्चीत बसली. त्या वर्षी बंबाच्या प्रश्नावर कागद मागितला गेला. सात नाही, वीस माणसे उभी राहिली. कोरीनने चिठ्ठी टाकली आणि माझ्यावर तळवा ठेवून उभी राहिली.

"आत्या, ठरावाची बातमी मला तिकडे कळली तेव्हा मला राग आला होता," ती म्हणाली. "चांगला आठवडाभर."

"येणारच," आर्डिस म्हणाली.

"मग बाबांचं पत्र आलं. त्यात ठरावावर एकच ओळ होती. 'तुझ्या आत्यानं गोठेवाले उठायच्या आधी विषय काढला.' मी ती ओळ ट्रकमध्ये समोर चिकटवून ठेवली होती." ती ब्यूलाकडे वळली. "बाबांनी काय मत दिलं होतं गं?"

ब्यूलाने माझ्याकडे बोट दाखवले. "हिला विचार."

कोरीनने खरोखरच आपला उजवा, चांगला कान माझ्या फटीला लावला. लेलंड मागे उभा होता, त्याची टोपी पुन्हा दोन्ही हातांत होती. मित्रांनो, मला माहीत होते. मला आजही माहीत आहे. मी गप्प राहिले. माझ्या आयुष्यात मी केलेले सर्वांत मोठे काम तेच असेल.

आता मी कारकुनाच्या खोलीत खिडकीपाशी असते. वर्षातून एकदा मला जवसाचे तेल लावतात. मित्रांनो, तुमच्या गावातही अशी एखादी पेटी असेल. लाकडाची नसेल, पत्र्याची असेल, नाहीतर गुरगुरणारी असेल. तिला कोरडी ठेवा, उंदरांपासून जपा, आणि दाराला लावू नका. आणि कधी भर सभेत सहा माणसे उभी राहिलेली दिसली, तर मोजत बसू नका. उठा.